संतांच्या मागे कसं चालायचं?



आजच्या विषयाची सुरुवात आपण आपल्या घरापासूनच करू या. आपल्या कॅथलिक घरांत भिंतीवर किंवा छोट्या वेदीवर संतांच्या तसबिरी असतात. वस्तू हरवली की संत अंतोनी. सगळे मार्ग बंद झाले की संत यूदा, नाहीतर संत रीता. मुलाची परीक्षा, मुलीचं लग्न, परदेशाचा व्हिसा, घरातलं दुखणं, प्रत्येक वेळी कोणत्या संताकडे काय मागायचं हे आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. पण त्याच संताचा जन्म कुठं झाला, तो पोटासाठी काय करायचा, त्याला कशाची भीती वाटायची, कोणत्या वळणावर त्याचं आयुष्य बदललं, असं कुणी विचारलं, तर आपण एकमेकांकडे बघू लागतो.

मागणं चुकीचं आहे असं आम्ही म्हणत नाही. संत आपल्यासाठी प्रार्थना करतात ही ख्रिस्तसभेची श्रद्धा आहे. मात्र त्याच ख्रिस्तसभेनं संत आपल्याला उदाहरण म्हणूनही दिले आहेत. पहिली गोष्ट आपण मनापासून उचलली, दुसरी बरीचशी राहून गेली. आणि जिथं ती उचलली गेली, तिथं कधी कधी अशी उलटी उचलली गेली की माणसांना त्याचा त्रास झाला. म्हणून आज एकच प्रश्न घेऊ: संताचं अनुकरण करायचं म्हणजे नेमकं कशाचं अनुकरण करायचं?

शब्द कुठून सुरू होतो

मराठीत 'संत' म्हटलं की आधी ज्ञानोबा-तुकोबा डोळ्यांसमोर येतात. त्यांना संत कुणी ठरवलं? लोकांनी. कुठल्या कार्यालयातून पत्र निघालं नाही. पिढ्यान्पिढ्या लोक त्यांच्या वाटेनं चालत राहिले आणि त्या चालण्यातूनच त्यांचं संतपण टिकलं. हाच शब्द मराठी ख्रिस्ती लोकांनी आपल्या संतांसाठी घेतला. एका अर्थी ते फार योग्य झालं, कारण ख्रिस्ती परंपरेतही सुरुवात अशीच झाली. पहिल्या शतकांत श्रद्धेसाठी प्राण दिलेल्यांच्या कबरींजवळ लोक आपणहून जमत, त्यांची आठवण करत. चौकशी, कागदपत्रं, घोषणा हे सगळं पुष्कळ नंतर आलं.

त्याच्याही मागे गेलं तर नव्या करारात आणखी एक गंमत दिसते. संत पौल रोमच्या, करिंथच्या, फिलिप्पैच्या मंडळींना पत्रं लिहितो तेव्हा तो तिथल्या सगळ्याच श्रद्धावंतांना पवित्र जन म्हणतो. करिंथची मंडळी कशी होती ते त्याच पत्रात वाचा. गटबाजी होती, भांडणं होती, भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. पौल त्यांना चांगलं फैलावर घेतो. तरीही सुरुवातीला त्यांना 'पवित्र होण्यासाठी बोलावलेले' म्हणून हाक मारतो. म्हणजे पवित्र असणं हे मोजक्या लोकांचं खास खातं नव्हतं. ते सगळ्यांचं बोलावणं होतं.

हीच गोष्ट दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं 1964 साली ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट मांडली. त्यातला एक संपूर्ण विभाग या विषयाला दिलेला आहे: धर्मगुरू, धर्मभगिनी, विवाहित, विधवा, कामकरी, आजारी, सगळ्यांना पावित्र्याचं बोलावणं एकच आहे, जगण्याचे मार्ग मात्र वेगवेगळे. 2018 साली पोप फ्रान्सिस यांनी याच विषयावर पत्र लिहिलं. त्यात त्यांनी शेजारच्या घरात राहणाऱ्या संतांकडे आपलं लक्ष वेधलं: मुलं वाढवणारे आईबाप, घरासाठी राबणारी माणसं, दुखण्यातही हसणारी म्हातारी माणसं.

चौकशी कशाची होते?

आता एक गैरसमज दूर करू. पुष्कळांना वाटतं, चमत्कार झाला की माणूस संत होतो. कॅथलिक ख्रिस्तसभेची रीत तशी नाही. एखाद्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर साधारणपणे किमान 5 वर्षं थांबतात. मग स्थानिक महागुरू चौकशी सुरू करतात. ओळखणाऱ्यांच्या साक्षी घेतात, पत्रं, डायऱ्या, लेख तपासतात. पाहतात काय? विश्वास, आशा आणि प्रीती. विवेक, न्याय, धैर्य आणि संयम. हे सद्गुण त्या व्यक्तीनं नेहमीच्या मापापेक्षा जास्त, सातत्यानं, अडचणीतही जगले का? ते सिद्ध झाल्यावर पुढे चमत्काराचा प्रश्न येतो. रक्तसाक्ष्याच्या बाबतीत तर 'धन्यवादित' ठरण्यासाठी चमत्काराची अटही नसते.

हे सांगायचं कारण असं की अनुकरण कशाचं करायचं याचं उत्तर या चौकशीतच आहे. ख्रिस्तसभा चमत्कार तपासते, पण त्याआधी आयुष्य तपासते. चमत्काराचं अनुकरण आपल्याला करता येत नाही. आयुष्याचं येतं.

आणि त्यातही कशाचं? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात, ज्यांनी तुम्हाला देवाचं वचन सांगितलं त्यांच्या आयुष्याचा शेवट कसा झाला ते पाहा आणि त्यांच्या विश्वासाचं अनुकरण करा, अशा अर्थाचा उपदेश आहे. नीट ऐका: विश्वासाचं. त्यांच्या कपड्यांचं, उपासांचं, मरणाच्या प्रकाराचं नव्हे. त्याच पत्रात हाबेलापासून संदेष्ट्यांपर्यंत साक्षीदारांची लांबलचक यादी येते आणि ती संपली की लेखक आपली नजर त्या यादीवर थांबू देत नाही. तो सांगतो, येशूकडे पाहा. संत हे बोट आहे. बोट ज्या दिशेला दाखवतं तिकडे पाहायचं असतं. म्हणूनच आराधना फक्त देवाची. संतांना आपण देतो तो आदर.

हे लक्षात राहिलं नाही की तीन चुका होतात. त्या एकेक करून पाहू.

पहिली चूक: नक्कल

ही चूक एका मोठ्या संतानंच केली होती, म्हणून त्याच्याकडूनच शिकू. इग्नेशियस लोयोला. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळा लागून त्यांचा पाय मोडला. घरी अंथरुणाला खिळून असताना त्यांना सरदारांच्या शौर्याच्या कादंबऱ्या हव्या होत्या. घरात मिळाली दोनच पुस्तकं: एक ख्रिस्तचरित्र आणि एक संतचरित्रं. नाइलाजानं वाचायला घेतली आणि मन पेटलं. विचार असा आला की फ्रान्सिस असिसीकरनं हे केलं, डॉमिनिकनं ते केलं, मग मी का नाही? दरबारी शिपाई होता तो. त्याला ही एक शर्यत वाटली.

बरा झाल्यावर ते मान्रेसा गावी गेले. तिथं तासन् तास प्रार्थना, भीक मागून खाणं, कडक उपास. एके काळी आपल्या सुंदर केसांचा अभिमान होता म्हणून केस विंचरणं, कापणं बंद. नखंही वाढू दिली. पण मनाला शांती मिळेना. आपली जुनी पापं नीट सांगितली गेली की नाही या शंकेनं ते इतके ग्रासले की जीव द्यावा असं वाटू लागलं. आठवडाभर अन्नाचा कण घेतला नाही. शेवटी पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी जेवायची आज्ञा केली, तेव्हा ते जेवले.

त्यानंतर हळूहळू त्यांच्या लक्षात आलं की देव आपल्याशी गुरुजी लहान मुलाशी वागतात तसा वागतोय, धीरानं शिकवतोय. लोकांना मदत करायची तर आपलं हे ध्यान आड येतं. त्यांनी केस कापले, नखं कापली, जेवण नीट घेऊ लागले. पुढे तिशी ओलांडल्यावर बार्सेलोनात शाळकरी पोरांच्या शेजारी बसून लॅटिन शिकले. पुष्कळ वर्षांनी, 1548 साली, फ्रान्सिस बोर्जिया फार कडक उपास करतात असं कळल्यावर त्यांनीच त्यांना पत्रातून उपास कमी करायला सांगितलं. शरीरही देवाचं आहे, ते सांभाळायला हवं, असा त्यांचा रोख होता.

पाहा, इग्नेशियस संत झाले ते फ्रान्सिसची नक्कल करून नव्हे. फ्रान्सिसनं ख्रिस्तासाठी सगळं सोडलं ही ओढ त्यांनी घेतली आणि ती आपल्या आयुष्यात कशी उतरवायची हे शोधलं. फ्रान्सिसची झोळी इग्नेशियसच्या हातात पुस्तक झाली.

आपल्याकडे उपवासकाळात काही तरुण मुलं-मुली जोशानं अन्नपाणी सोडतात. औषधं घेणारी म्हातारी माणसंही हट्ट धरतात. त्यांना आम्ही एवढंच सांगू: इग्नेशियसची पहिली दोन वर्षं वाचलीत, आता पुढची तीस वाचा.

दुसरी चूक: संताचं नाव घेऊन दुसऱ्याचं तोंड बंद करणं

ही चूक अधिक गंभीर आहे. नवरा मारहाण करतो म्हणून एखादी बाई माहेरी येते, किंवा कुणा वडीलधाऱ्यांकडे मन मोकळं करते. आणि तिला काय ऐकायला मिळतं? "संत रीतानं नाही का सोसलं? तू पण सोस. तुझा क्रूस आहे तो." हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेलं आहे. काहींनी, प्रामाणिकपणे कबूल करू या, बोललेलंही आहे.

मग रीताचं आयुष्य खरोखर काय सांगतं ते पाहू. इटलीत उम्ब्रियामधल्या काशिया गावाजवळ 1381 साली तिचा जन्म झाला असं मानतात. परंपरा सांगते की तिचा नवरा तापट होता आणि तिच्या सहवासात तो बदलला. पुढे जुन्या वैरातून त्याचा खून झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे दोन्ही मुलांनी बापाच्या खुनाचा सूड घ्यायचा होता. रीतानं ते होऊ नये म्हणून जिवाचं रान केलं. मुलं तरुणपणीच आजारानं गेली. ती मठात जायला निघाली तेव्हा तिला आधी नकार मिळाला. तिनं दोन्ही घराण्यांत समेट घडवून आणला, त्यानंतर तिला प्रवेश मिळाला. 1457 साली तिचं निधन झालं आणि 1900 साली तिला संतपद देण्यात आलं.

आता सांगा, या आयुष्याचा गाभा कोणता? मार खाणं? की सुडाची साखळी तोडणं? रीतानं हिंसेला होकार दिला नाही. दोन घराण्यांमधली हिंसा तिनं थांबवली. तिचं नाव घेऊन एखाद्या बाईला पुन्हा मारझोडीच्या घरात ढकलणं म्हणजे रीताच्या कामाच्या अगदी उलट करणं आहे.

आणि हे केवळ आमचं मत नाही. ख्रिस्तसभेच्या 1983 च्या धर्मनियमांत 1153 वा नियम आहे. पतीपत्नीपैकी एकामुळे दुसऱ्याच्या किंवा मुलांच्या आत्म्याला वा शरीराला गंभीर धोका होत असेल, तर वेगळं राहायला ते योग्य कारण मानलं जातं. उशीर करणं धोक्याचं असेल तर परवानगीची वाटही न पाहता निघता येतं. देशाच्या 2005 च्या कायद्यानुसारही कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण मागता येतं. तेव्हा अशी बहीण आपल्या दारात आली तर तिला संतचरित्र सांगण्याआधी पाणी द्या, जागा द्या, सोबत चला.

एक नियमच लक्षात ठेवू. संताचं उदाहरण आधी स्वतःला लावायचं. दुसऱ्याला गप्प करण्यासाठी ते वापरलं की ते उदाहरण राहत नाही, हत्यार होतं.

मग रीताचं अनुकरण आपल्याकडे कुठं लागू होतं? आपल्या गावांतल्या भावकीकडे बघा. वाडीच्या बांधावरून, वडिलोपार्जित घराच्या हिश्शावरून सख्खे भाऊ वर्षानुवर्षं बोलत नाहीत. एकाच मिस्साला येतात, एकाच धर्मग्रामात राहतात, पण एकमेकांच्या घरच्या मयतालाही जात नाहीत. करिंथकरांचंच दुखणं. अशा घरात जी व्यक्ती म्हणते, "हिस्सा कायद्यानं ठरू दे, पण बोलणं आजपासून चालू," ती रीताच्या मागे चालते आहे.

तिसरी चूक: संताला इतकं उंच ठेवणं की पोचताच येऊ नये

ही सगळ्यांत सोयीची चूक. "ते संत, आपण साधी माणसं." असं म्हटलं की नम्रता दिसते आणि सुटकाही होते.

इथं आपण आपल्या वसईच्या संताकडे येऊ. गोन्सालो गार्सिया. हे नाव आपल्या चर्चला आहे, कॉलेजला आहे. त्यांच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असतं? 5 फेब्रुवारी 1597 रोजी जपानात नागासाकीला त्यांना क्रुसावर ठार मारलं. 1862 साली ते संत घोषित झाले आणि भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. हे सगळं खरं आहे. पण हा फक्त शेवटचा दिवस झाला. आपल्याला कुणी क्रुसावर द्यायला निघालेलं नाही. म्हणून आपण हात जोडतो आणि घरी जातो.

आता त्या दिवसाच्या आधीची वर्षं पाहू. जन्म वसईचा, 1556 च्या सुमारास. वडील पोर्तुगीज, आई इथली. येशूसंघाच्या धर्मगुरूंच्या हाताखाली शिक्षण. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांच्याबरोबर जपानला. तिथं त्यांनी जपानी भाषा अशी आत्मसात केली की लोकांना धर्मशिक्षण देण्याचं काम सुमारे 8 वर्षं केलं. येशूसंघात प्रवेश घ्यायची इच्छा होती. तो मिळाला नाही. विचार करा, ज्यांच्याबरोबर घर सोडलं, ज्यांचं काम तरुणपणाची वर्षं केलं, त्यांच्यात जागा नाही. पुढे त्यांनी व्यापार केला आणि त्यात चांगला जम बसवला. मग मनिलाला फ्रान्सिस्कन संघाशी संबंध आला आणि तिथं ते बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे. 1593 साली फिलिपिन्सहून पीटर बाप्टिस्ट यांच्या नेतृत्वाखाली मंडळ जपानला गेलं, तेव्हा दुभाषा म्हणून गोन्सालो सोबत होते. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्यापुढे बोलताना दोन्ही बाजूंचे शब्द त्यांच्या तोंडून जात होते.

1596 च्या शेवटी पकडापकडी झाली. क्योतोमध्ये कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापण्यात आला आणि ऐन थंडीत जवळजवळ महिनाभर चालवत त्यांना नागासाकीला नेण्यात आलं. एकूण 26 जण होते. त्यांतले 6 फ्रान्सिस्कन, 3 येशूसंघीय आणि 17 जपानी प्रापंचिक. त्या 17 मध्ये सुतार होता आणि कोवळी मुलंही होती.

आता आपला प्रश्न पुन्हा विचारू: यात अनुकरण कशाचं? पहिलं, परक्याची भाषा शिकण्याचं. दुसऱ्या माणसाचे शब्द शिकायला वर्षं द्यावी लागतात, त्यात आपलं मोठेपण बाजूला ठेवावं लागतं. दुसरं, नकार पचवण्याचं. दार बंद झालं म्हणून ते देवावर रुसले नाहीत, माणसांशी वैर धरलं नाही. तिसरं, दुय्यम वाटणारी जागा मनापासून घेण्याचं. दुभाषा नेहमी दुसऱ्याचं बोलतो. पुढे बसतात ते वेगळे असतात.

आणि शेवटच्या दिवसाचं धैर्य कुठून आलं? ते नागासाकीच्या टेकडीवर अचानक आकाशातून पडलं नाही. रोजच्या लहान होकारांतून ते साठत गेलं होतं.

आजच्या वसईत गोन्सालोचं काम पडलेलं आहे. आपल्या इमारती बांधणारे, शेतावाडीत राबणारे, बोटींवर जाणारे कितीतरी लोक लांबच्या राज्यांतून आलेले आहेत. त्यांना दवाखान्यात दुखणं सांगता येत नाही, सरकारी कार्यालयात अर्ज भरता येत नाही. आपण मात्र त्यांची बोली ऐकून हसतो. वर्षातून एकदा सणाला गोन्सालोच्या पायाशी फूल ठेवणारा आणि वर्षभर अशा एका माणसाचा दुभाषा होणारा, या दोघांपैकी संताच्या मागे कोण चालतो, हे आपलं आपण ठरवावं.

वेगळं जगून मागे चालणं

नक्कल न करता अनुकरण करता येतं, याची आणखी एक सुंदर साखळी आहे. गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांना कोण ओळखत नाही? 1542 साली गोव्यात उतरले, दहा वर्षं समुद्र तुडवला, 1552 साली चीनच्या किनाऱ्याजवळच्या बेटावर गेले. त्यानंतर साडेतीन शतकांनी फ्रान्समध्ये लिझ्यूच्या कार्मेल मठात एक मुलगी राहत होती, तेरेझा. पंधराव्या वर्षी मठात गेली, चोविसाव्या वर्षी क्षयानं वारली. मिशन देशांत पाऊल ठेवलं नाही. तिचं काम म्हणजे भांडी, धुणं, शिवण, चिडचिड करणाऱ्या सोबतीणीशी हसून बोलणं आणि दूरच्या मिशनऱ्यांसाठी प्रार्थना. 1927 साली पोप पायस अकरावे यांनी मिशनकार्याची आश्रयदाती म्हणून झेवियरच्या बरोबरीनं तिचं नाव ठेवलं. समुद्र ओलांडणारा आणि भिंत न ओलांडणारी, दोघंही एकाच कामाचे!

पुढे अल्बेनियन घरातल्या एका मुलीनं धर्मभगिनी होताना याच तेरेझाचं नाव घेतलं. ती कोलकात्याच्या रस्त्यांवर गेली. तिनं मठाच्या भिंतीआडचं आयुष्य उचललं नाही. लहान काम मोठ्या प्रेमानं करायचं, हे उचललं. तीच आपली मदर तेरेसा, 2016 साली संत घोषित झालेली.

आणि एक तारीख लक्षात ठेवा: 12 मार्च 1622. त्या दिवशी रोममध्ये एकाच वेळी पाच जणांना संतपद मिळालं. इग्नेशियस, झेवियर, आविलाची तेरेझा, रोमचे फिलिप नेरी आणि इसिदोर. हा इसिदोर कोण? माद्रिदजवळ दुसऱ्याच्या जमिनीवर नांगर धरणारा, बायकोमुलांचा शेतकरी. एवढ्या मोठ्या नावांच्या रांगेत तो नांगरासह उभा आहे.

आमच्या प्रॉटेस्टंट बंधू-भगिनींकडे संतांची आळवणी नाही, पण उदाहरण तेही मानतात. पंडिता रमाबाईंची आठवण इंग्लंडच्या चर्चच्या दिनदर्शिकेत 30 एप्रिलला ठेवलेली आहे. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली-बायांना घेऊन आल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा कितीजणींना घर मिळालं. उपाशी मुलीच्या रूपात ख्रिस्त ओळखणारी नजर रमाबाईंकडे होती. तीच नजर आपल्याला घ्यायची आहे.

मग करायचं काय?

शेवटी थोडं व्यवहाराचं बोलू.

एक संत निवडा, शक्यतो आपल्यासारखं जगलेला. शेतकऱ्यानं इसिदोर घ्यावा, आजाऱ्यानं केरळची अल्फोन्सा, घर सोडून परदेशी राहणाऱ्यानं गोन्सालो. त्याचं चरित्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा; विशेषतः तो जिथं चुकला, अडला, रडला ती पानं.

मग तीन प्रश्न विचारा. त्यानं आपल्या काळात कुणाचं दुःख पाहिलं? त्या दुःखात त्यानं ख्रिस्ताला कसा होकार दिला? आणि तसं दुःख आज माझ्या चालण्याच्या अंतरात कुठं आहे? बाणावलीचे जोसेफ वाझ यांनी ऐकलं की सिलोनमध्ये डच राजवटीत कॅथलिक लोक धर्मगुरूंविना पोरके झालेत. 1687 साली ते मजुराच्या वेषात तिथं गेले आणि पुढे कँडीत देवीची साथ आली तेव्हा टाकून दिलेल्या रोग्यांची सेवा केली. आपल्याला सिलोनला जायची गरज नाही. मुलं परदेशी गेल्यामुळे मोठ्या बंगल्यात एकटं राहणारं एखादं म्हातारं जोडपं आपल्याच गल्लीत असतं.

मग एक लहान गोष्ट ठरवा. एकच. ती अनुभवी माणसाला सांगा, कारण आपल्याच डोक्यानं चाललं की काय होतं ते मान्रेसात आपण पाहिलं. महिनाभर करा. रात्री झोपण्यापूर्वी दिवसाकडे मागे वळून बघा. ही सवयही इग्नेशियसचीच देणगी आहे. आणि एक कसोटी लावा: यामुळे घरातल्यांशी माझं वागणं मऊ झालं का? मी जास्त प्रार्थना करतो पण बायकोवर, सुनेवर, कामवालीवर जास्त खेकसतो, असं असेल, तर वाट चुकली आहे.

1 नोव्हेंबरला आपण सर्व संतांचा सण साजरा करतो आणि दुसऱ्या दिवशी कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. हे दोन दिवस शेजारी ठेवण्यात मोठं शहाणपण आहे. आदल्या दिवशी ज्यांची नावं कुठल्याही यादीत नाहीत अशा संतांचीही आठवण केलेली असते, आणि त्यांतले काही आपल्याच कबरस्तानात असतील. पहाटे उठून सगळ्यांच्या डब्यांची काळजी करणारी आजी, भांडण मिटावं म्हणून आपला हिस्सा कमी घेणारा एखादा काका. पुढच्या 2 नोव्हेंबरला अशा एका कबरीपाशी थोडं जास्त थांबू या आणि स्वतःला विचारू या, यांनी सुरू केलेलं कोणतं काम आता आपल्याकडे आलं आहे?